छान म्हणायचे नाही

अक्कांच्या घरात ‘छान’ हा शब्द चपलांसारखा उंबऱ्याबाहेर काढून ठेवावा लागे. मला हे ठाऊक नव्हते. सांगलीत नोकरी लागल्यावर मी माधवनगरात त्यांच्या घराची मागची खोली भाड्याने घेतली, आणि पहिल्याच संध्याकाळी त्यांनी पितळी ताटलीतून दोन घारगे आणून दिले. लाल भोपळ्याचा कीस गुळात शिजवून, त्यात मावेल तेवढेच गव्हाचे पीठ मळून, तळहातावर थापून तळलेले. कडा खरपूस, आणि मध्यभागी अजून वाफ धरून ठेवलेली. आश्विन अर्ध्यावर आला होता. दिवसभर तापलेल्या भिंती संध्याकाळी ऊन परत देत होत्या, आणि त्या उन्हाच्या वासात गुळाचा वास मिसळला होता. मी एक घास घेतला आणि सभ्य माणसे जे म्हणतात ते म्हणाले.

“छान झालेत.”

अक्कांनी माझ्या हातातली ताटली काढून घेतली. रागाने नव्हे, चुकीच्या घरी दिलेले टपाल परत घ्यावे, तशी.

“छान म्हंजे काय? छान फोटोला म्हंत्यात. खाल्लंस न्हवं? मग सांग.”

“काय सांगू?”

“काय लागलं ते. आधी काय आलं, मागनं काय आलं. मला काय म्हाईत? मी कुठं खाल्लाय?”

मी गोंधळून पुन्हा एक तुकडा मोडला. डोळे मिटले. म्हणाले, आधी गूळ येतो. मग भोपळा येतो, पण दबकत, पाहुण्यासारखा. आणि अगदी शेवटी मिठाचा एक कण जिभेच्या कडेला लागतो. अक्का ऐकत राहिल्या. मग ताटली त्यांनी माझ्या हातात परत दिली.

“भोपळा दबकतोय व्हय? मग कीस पिळायला नगो हुता. उंद्या बघतो.”

त्या स्वतःविषयी ‘मी बघतो, मी करतो’ असेच बोलत, इकडच्या पुष्कळ बायका बोलतात तसे. उंच, हडकुळ्या, डोक्यावरचा पदर कधी न ढळणाऱ्या. त्या चेहऱ्यात पाहणाऱ्याची नजर प्रथम जाई ती नाकावर. ठसठशीत, मधोमध किंचित वाकलेले नाक. सारा चेहरा जणू त्या नाकाच्या आधाराने उभा होता.

त्यांच्या विक्षिप्तपणाला एक साधे कारण होते. लग्नानंतरच्या पहिल्याच चातुर्मासात त्यांनी मुनिमहाराजांपुढे नेम घेतला होता, की दिवस मावळल्यावर पाण्याखेरीज काही तोंडात घालायचे नाही. त्यांच्या जैन नात्यागोत्यात हा नेम नवा नव्हता. पण त्यांचे यजमान इथल्या कापडगिरणीत दुसऱ्या पाळीला होते. ते घरी येत तेव्हा अंधार पडून कितीतरी वेळ झालेला असे, आणि गिरणीत कापसाचे तंतू गिळून आलेल्या माणसाला गार अन्न वाढायचे नाही, हा अक्कांचा दुसरा नेम. त्यामुळे त्या रोज रात्री नव्याने चूल पेटवत, आणि जे रांधत ते चाखू शकत नसत. उरलेले सकाळी खावे, तर शिळे त्यांना वर्ज्य. संध्याकाळनंतर केलेल्या पदार्थाची चव त्यांना आयुष्यभर फक्त दुसऱ्याच्या तोंडून कळली.

पुढे दिवसासुद्धा चाखायचे त्यांनी सोडून दिले. त्या वासावर रांधू लागल्या. डाव्या हाताने झाकण वितभर उचलायचे, डोळे मिटायचे, वाफेला नाकापर्यंत येऊ द्यायचे. “मीठ वर आलंय,” म्हणायच्या, किंवा “सुंठ अजून झोपलीया.” मी सुरुवातीला हसत असे. नंतर माझे हसणे थांबले, कारण सुंठ खरोखरच झोपलेली असे.

यजमान अबोल होते म्हणे. पण बायको हातात वाटी धरून समोर बसते आणि वाट पाहते, हे पाहून तो माणूस हळूहळू बोलायला शिकला. त्यांची एक-दोन वाक्ये अक्का अजून वापरत. “गूळ म्होरं चाललाय, येलदोडा मागनं पळत येतोय,” हे त्यांतले एक. ती गिरणी कधीच बंद पडली. यजमानही गेले. मी राहायला आले तेव्हा गल्लीत फक्त यंत्रमागांची खटखट उरली होती. पण अक्का ताट वाढून समोर बसायच्या त्या तशाच. पदर सावरून, गुडघ्यावर हात ठेवून, समोरच्याच्या जबड्याकडे पाहत. “सांगा,” एवढाच शब्द.

भोपळा त्या दारासारखा ठोठावून घेत. आठवडी बाजारात भोपळ्यांच्या राशीपुढे उकिडव्या बसत, बोटाच्या पेराने टकटक करत आणि कान लावत.

“कोण हाय आत?”

“आवं अक्का, भोपळा हाय, पावना न्हाई,” बागवान म्हणे.

“मग गप का बसलाय? पिकल्याला भोपळा बोलतो.”

“तुमाला भिऊन गप बसलाय त्यो. माजी बायकू बी अशीच ठोकून बघती, पर मला.”

“आनि आवाज येतो का?”

“कवाच न्हाई.”

यावर अक्का हसत नसत. देठापाशी नाक नेऊन त्या एकच भोपळा उचलत, आणि बागवान आजूबाजूच्या गिऱ्हाइकांना सांगे की आता राशीतला राजा गेला, बाकीची प्रजा स्वस्तात घ्या.

मी वडूजची. आमच्याकडे आश्विन म्हणजे कोरडा, पांढरा, लांबच लांब प्रकाश आणि बाजरीच्या कणसांचा धुरळा. ऋतूला वास असतो हे मला माहीत होते. पण ऋतू पातेल्यात उतरवता येतो हे मी अक्कांकडे शिकले. परतीचा पाऊस खिडकीवर आपटत असे त्या दिवशी हुलग्याचे माडगे. भाजलेल्या हुलग्याच्या पिठाची ती गुळाची पातळ पेज. वाटी दोन्ही हातांत धरली की पाऊस बाहेरच राही. मग ओल्या भुईमुगाच्या शेंगा, मिठाच्या पाण्यात उकडलेल्या, टरफलांना अजून शेतातली माती चिकटलेली. नवरात्र मागे पडता पडता घारगे. आणि कार्तिकात, सकाळच्या हवेला पहिली धार आली, की खपली गव्हाची खीर: आदल्या दिवशी भिजवलेले, कांडलेले, मंद आचेवर तासन्‌तास शिजलेले गहू, त्यात गूळ, सुंठ, वेलदोडा आणि किसलेले सुके खोबरे.

हे सगळे त्या घरच्या माणसांसाठी करत. घरची माणसे पुण्यात होती. मुलगा आणि सून. मी त्यांना दादा आणि वहिनी म्हणत असे. शेजारपाजारचे कोणी पुण्याला निघाले, की अक्कांचा डबा त्यांच्या मांडीवर बसे. डबा पोचण्याच्या अंदाजाने त्या फोन लावत.

“सांग.”

“छान होतं आई.”

अक्का फोन ठेवून देत. एका क्षणाने पुन्हा फोन वाजे. यावेळी वहिनी असत. उंब्रजच्या, हायवेलगतच्या गावात वाढलेल्या, बोलणे भरधाव.

“आई, गूळ लय झालाय. वेलदोडा तर घातलाय का न्हाई कळंना. आणि स्टँडवरनं आणताना डबा गळला. ह्यांची पँट खिरीत बसली.”

“झाकण तुमच्याच पुन्याचं हाय,” अक्का म्हणत. “आमचं झाकण गळत न्हाई.”

पण त्यानंतर दिवसभर त्या गुणगुणत असत. सून आपल्या हाताला नावे ठेवते हे त्या साऱ्या गल्लीला तक्रारीच्या सुरात सांगत, आणि त्या सुराच्या तळाशी जो अभिमान असे तो कोणाच्याही नजरेतून सुटत नसे. “तिनं मला येकदाबी छान म्हटलं न्हाई,” असे म्हणताना त्यांचे नाक किंचित वर जाई.

मग तापाचे ते वर्ष आले, जेव्हा सगळेच तोंडाला फडकी बांधून फिरत होते. अक्काही त्यातून गेल्या. बऱ्या झाल्या, उठल्या, पदर खोचून पुन्हा ओट्यापाशी उभ्या राहिल्या. गल्लीने सुटकेचा श्वास सोडला. फक्त त्या पूर्वीपेक्षा गप्प झाल्या होत्या, आणि त्यांचे पदार्थ, कसे सांगू, एकमेकांपासून दूर गेल्यासारखे लागत. मी ते अशक्तपणावर ढकलले.

एका सकाळी त्यांनी मला बोलावून शेवयांची वाटी हातात दिली. “सांग.”

वाटी तोंडाशी नेण्याआधीच मला कळले होते. दूध तळाशी लागले होते. तो वास साऱ्या स्वयंपाकघरात भरून राहिला होता, भिंतींना, दोरीवरच्या साड्यांना, पाण्याच्या कळशीला चिकटला होता. आणि अक्का त्याच्या मधोमध उभ्या होत्या, शांत, उत्सुक, गुडघ्यांऐवजी ओट्याच्या कडेवर हात ठेवून.

“अक्का, दूध लागलंय.”

त्यांनी माझ्याकडे पाहिले. मग फळीवरचा हिंगाचा डबा काढला, झाकण उघडले आणि तो सरळ नाकाला लावला. तीन पावलांवरून माझे डोळे चुरचुरले. त्यांच्या चेहऱ्यावर काहीही हलले नाही.

“बघ. डबा उघडा हाय का बंद, कळत न्हाई,” त्या म्हणाल्या. “तोंडात बी तसंच. गरम लागतंय, गार लागतंय. मऊ लागतंय. बाकी कायबी न्हाई. भिंत चाटल्यागत.”

“डॉक्टरांना दाखवलं?”

“यील म्हणाला. वाट बघा म्हणाला. बघतोय.” त्यांनी झाकण दाबून बसवले. “बाळला सांगू नगंस. त्याला कळलं की चूल गेली माजी.”

त्यात अतिशयोक्ती नव्हती. दादा बऱ्याच दिवसांपासून त्यांना पुण्याला न्यायचे म्हणत होते. एकटी आहेस, वय झाले आहे, एवढाच त्यांचा मुद्दा असे. त्याला अक्कांचे एकच उत्तर असे: “जोवर माज्या हातचं तुमी खातायसा, तोवर मी हितं.” हात गेला असता तर उत्तरही गेले असते.

तेव्हापासून मी अक्कांचे नाक झाले. सकाळी कामावर जाण्याआधी आणि संध्याकाळी आल्यावर मी पातेल्यांवर वाकत असे. त्या झाकण उचलत, मी डोळे मिटत असे. “सुंठ?” त्या विचारत. “जागी आहे,” मी सांगे. तेल तापल्याचा वास, डाळ शिजू लागल्याचा गोडसर वास, तूप कढता कढता एका क्षणी जो मोगऱ्यासारखा होतो तो वास, हे सारे मी त्यांना शब्दांत आणून देत असे, आणि त्या शब्दांवर रांधत. चुकले की माझ्यावर ओरडत. “गोडसर म्हंजे कसला? दुधाचा का रताळ्याचा? नीट वास घे की पोरी, नाक काय शोभंला लावलंया?” रविवारी आम्ही फळीवरचे डबे एकेक करून उघडत असू, कुठे पीठ कुबट झाले आहे का, कुठे शेंगदाणा खवट झाला आहे का. एखादा डबा मी बाजूला काढला, की त्या त्याच्याकडे फसवणूक केलेल्या नातेवाइकाकडे पाहावे तसे पाहत.

त्यांच्या आवडीचा एक घारगा त्या दिवसाउजेडी मुद्दाम खाऊन बघत. चावत राहत. मी विचारत नसे. गिळून झाल्यावर त्या पाणी पीत आणि म्हणत, “मऊ झालाय.”

दादांना संशय आलाच. एका डब्यातली भाजी त्यांना कडू लागली होती, दुसऱ्यात मीठ दोनदा पडले होते. त्यांनी मला फोन करून विचारले. मी म्हणाले, तुम्हीच येऊन पाहा. “दिवाळीला येतोय,” ते म्हणाले. “तिला झेपत नसेल तर यावेळी घेऊनच जातो.” हे त्यांनी अक्कांनाही सांगितले. अक्कांनी फोन ठेवला आणि खपली गहू निवडायला घेतले.

दिवाळीला मी वडूजला गेले. जाण्याआधी आम्ही सारे डबे तपासले, एक सोडून. सुक्या खोबऱ्याचा डबा अक्कांनी माळ्यावर ठेवला होता आणि आम्ही दोघी त्याला विसरलो. साऱ्या पावसाळ्याची ओल त्या खोबऱ्याने पिऊन घेतली होती.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मी परतले. एसटी विट्यात खोळंबली, म्हणून घरी पोचेपर्यंत दिवस मावळून गेला होता. दारात आकाशकंदील वाऱ्याने हलत होता. आत दादा आणि वहिनी जेवायला बसले होते. अक्कांनी माझेही पान मांडले होते. त्या नेहमीच्या जागी, भिंतीशी, पदर सावरून बसल्या होत्या. मी हात धुऊन आले तेव्हा खीर वाढून झाली होती आणि पहिले घास घेऊन झाले होते.

“सांगा,” अक्का म्हणाल्या.

“छान झालीय आई,” दादा म्हणाले. ते नेहमी म्हणत तसेच.

अक्कांनी मान सुनेकडे वळवली. वहिनींनी वाटीत चमचा फिरवला. एक घास घेतला. आणखी एक घेतला. मग वर न पाहता, मऊ आवाजात, त्या म्हणाल्या, “खरंच, छान झालीय.”

मी त्या वेळी अक्कांकडे पाहत होते. रंग उडणे म्हणतात ते मी त्याआधी पाहिले नव्हते. एवढ्या वर्षांत त्या सुनेने जे कधी म्हटले नव्हते, ते आज म्हटले होते. आणि त्यातून अक्कांना सारे काही कळले होते. काय बिघडले ते नव्हे. पण बिघडले आहे, आणि आपली कीव केली जात आहे, हे.

त्या माझ्याकडे वळल्या. “तू सांग.”

वाटी मी अजून उचललीही नव्हती, पण वास आला होता. खोबरेल तेलाच्या जुन्या बाटलीचा, बंद ट्रंकेचा, ओलसर काळोखाचा वास. मी एक घास घेतला. तो खिरीत सर्वत्र होता. दादा माझ्याकडे पाहत होते, वहिनी खाली. मी ‘छान’ म्हटले असते तर अक्कांची चूल तिथेच राहिली असती, निदान त्या रात्रीपुरती. पण मग त्यांच्या समोर बसून खरे सांगणारे कोणीच उरले नसते. आणि त्या मला विचारत होत्या.

“खोबरं खवट आहे, अक्का.”

बाहेर कुठेतरी एक चुकार फटाका वाजला.

“म्होरनं येतंय का मागनं?” अक्कांनी विचारले. आवाज अगदी स्थिर होता.

“मागून. आधी गूळ येतो, मग गहू. मग ते येतं, आणि जात नाही.”

“गूळ कसा हाय?”

“नेमका.”

“आन् गहू?”

“मऊ. एकेक दाणा फुललाय. पण अख्खा आहे.”

त्या हलकेच मान डोलावत होत्या. “म्हंजे माजा हात बरोबर पडला हुता. खोबऱ्यानं घात केला.” मग त्या दादांकडे वळल्या. “मला वास येत न्हाई, बाळ. चव बी न्हाई. त्या तापापासनं. ही पोरगी वास घ्यायची, मी करायचो. आज ती न्हवती.”

दादांनी वाटी खाली ठेवली. वहिनींच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागले होते आणि त्या ते पुसत नव्हत्या.

“तू तरी सांगायचं हुतंस,” अक्का त्यांना म्हणाल्या.

“तुमचं तोंड बघितलं, आई. जीभच उचलली न्हाई.”

“येवढ्या जनात येकटीच जेवली म्हणायची,” अक्का माझ्या पानाकडे बोट दाखवत म्हणाल्या, आणि उठून आत गेल्या.

थोड्या वेळाने दादा पायरीवर येऊन बसले. मी तिथेच होते.

“तुम्हाला वाटत असेल, हा माणूस मेला आहे का, याला चव कळत नाही का,” ते म्हणाले. “कळते हो. पहिल्या घासालाच कळलं होतं. पण लहानपणी मला जेवायची भीती वाटायची. घास घेतला की आई समोर. सांग. काय सांगू? शाळेतनं आलोय, भूक लागलीय, मला नुसतं खायचं असायचं. वडील सांगायचे, त्यांना जमायचं. मला नाही जमलं. नोकरी लागून पुण्याला गेलो, आणि मेसमध्ये पहिल्यांदा कुणी न विचारता जेवलो. रडूच आलं मला, इतकं बरं वाटलं.” त्यांनी दारातून आत पाहिले. “आता गॅस चालू राहिला तर तिला कळणार आहे का, सांगा बरं. मी कसा ठेवू तिला इथं?”

अक्कांचे एकमेव उत्तर हातासोबत गेले होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सारे डबे रिकामे केले, घासले आणि अंगणात उन्हात पालथे घातले. हिंगाचा डबा तेवढा मला दिला. “उघडा ठिवू नगंस. वास जातो,” म्हणाल्या. कार्तिक संपण्याआधी त्या पुण्याला गेल्या.

मी मागच्या खोलीतच राहिले. घरातून वास कसे माघारी जातात ते मी त्या हिवाळ्यात पाहिले. आधी तळणाचा गेला. मग वेलदोड्याचा. गुळाचा वास फळीच्या लाकडात पुष्कळ दिवस राहिला. दमट हवेत तो अचानक बाहेर येई आणि मला वाटे, आत कोणी आहे. शेवटी चुन्याचा वास उरला, जो कोणाचाच नसतो.

पुण्याहून सुरुवातीला त्यांचा रोज फोन येई. “काय केलंस? सांग.” मी केलेल्या साध्या आमटीचे वर्णन त्या परीक्षकाच्या शांततेने ऐकत आणि चुका काढत. मग दोन-चार दिवसांआड येऊ लागला. मग मीच करू लागले. “काय जेवलात, अक्का?” “जेवलो,” त्या म्हणत. पदार्थाचे नावसुद्धा सांगत नसत.

यंदा आश्विनात मी त्यांना भेटायला गेले. शिळे होऊ नयेत म्हणून पहाटे उठून घारगे केले. त्याआधी बाजारात मी भोपळा ठोठावत असताना बागवानाने विचारले होते, “अक्का बऱ्या हायत न्हवं?” आणि पैसे घेताना माझ्याकडे पाहिले नव्हते. कीस पिळला नाही. करताना चाखले नाही. अक्कांच्या हाताखाली शिकलेल्या बाईने चाखायचे नसते.

पुण्यात त्यांची खिडकी पाचव्या मजल्यावर होती. त्या तिच्याशी खुर्ची लावून बसल्या होत्या. पदर तसाच डोक्यावर. वहिनी आत भांडी घासत होत्या. मी डबा उघडला, ताटलीत घारगा ठेवून त्यांच्या हातात दिला आणि समोर जमिनीवर बसले, गुडघ्यांवर हात ठेवून. त्यांनी घास मोडला. खूप वेळ चावत राहिल्या. दुपारचे ऊन त्यांच्या नाकाच्या वाकणावर पडले होते.

“सांगा ना, अक्का,” मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत एक सौजन्य होते, जे त्यांनी आयुष्यात कधी कोणाला दाखवले नव्हते.

“छान झाल्यात गं,” त्या म्हणाल्या.

आत नळ बंद झाला. वहिनी ओल्या हातांनी बाहेर आल्या. क्षणभर त्या सासूकडे पाहत उभ्या राहिल्या, मग डब्यातला एक घारगा उचलून त्यांनी मोठा तुकडा तोडला, चावला, आणि जवळजवळ ओरडल्याच, “मीठ कुठाय ह्यात? मीठच विसरलाय तुम्ही! गूळ नुसता म्होरं पळतोय एकटा!”

मी एक तुकडा तोंडात घातला. खरे होते. मीठ नव्हते.

आम्ही दोघी अक्कांकडे पाहू लागलो. त्या आळीपाळीने आमच्या तोंडांकडे पाहत होत्या. ज्या गावात आपण आता राहत नाही, तिथल्या कुठल्याशा भांडणाची हकिकत ऐकावी तशा.

“असंल,” त्या म्हणाल्या, आणि उरलेला अर्धा घारगा ताटलीत ठेवून खिडकीबाहेर पाहू लागल्या. दिवस मावळायला अजून पुष्कळ अवकाश होता.